मज्जेचा हिशेब

कूपरस्टाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं एक लहान गाव. अमेरिकेत ते प्रसिद्ध आहे बेसबॉलच्या संग्रहालयासाठी. या गावातल्या मेरी इमोजीन बॅसेट हॉस्पिटलमधल्या डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध छापला. सहा रुग्णांना किरण किंवा कर्करोगावरची जालीम औषधं देऊन त्यांच्या शिरेतून दुसऱ्या माणसाची अस्थिमज्जा सोडली होती. सहांपैकी दोघांत ती काही दिवस रुजल्याची चिन्हं दिसली. शंभर दिवसांच्या आत सहाही जण गेले.

मला या निबंधाचं मोल फार वाटतं, आणि ते त्यातल्या यशासाठी नाही, कारण यश त्यात नव्हतंच. किती जणांवर प्रयोग केला, कोणाचं काय झालं, कोण किती दिवस जगलं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. स्टेम सेल म्हणजे मूलपेशींच्या नावाने आज जे उपचार चालतात, त्यांतला पक्का, सर्वमान्य झालेला सगळ्यांत जुना उपचार म्हणजे हे मज्जारोपण. तो उभा राहायला पाऊण पिढी गेली, आणि त्या काळातली बहुतेक वर्षं अपयशाची होती. फक्त ते अपयश कोणी झाकून ठेवलं नाही.

गोष्ट सुरू होते ती मात्र दवाखान्यात नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. स्फोटातून आणि आगीतून वाचलेली, अंगावर ओरखडाही नसलेली माणसं दोन-तीन आठवड्यांनी आजारी पडू लागली. केस गळाले, हिरड्यांतून रक्त आलं, कातडीखाली जांभळे ठिपके उमटले, साध्या जंतुसंसर्गाने माणसं दगावली. हाडांच्या पोकळीतली मज्जा, जिथे रक्ताच्या पेशी रोज कोट्यवधींनी तयार होतात, ती किरणोत्सर्गाने मारून टाकली होती. जुन्या पेशींचं आयुष्य संपलं आणि नव्या आल्याच नाहीत. पुढे शीतयुद्ध पेटलं. पुढच्या बॉम्बनंतर वाचलेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न सरकारांना पडला आणि प्रयोगशाळांकडे पैसा वळला. कर्करोगावरच्या एका उपचाराचा पाया अणुबॉम्बच्या धास्तीतून घातला गेला, हे विचित्र खरं, पण विज्ञानाच्या इतिहासात असली सोयरीक नवी नाही.

शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९ साली उंदरांची प्लीहा शिशाने झाकली आणि बाकीच्या अंगावर मरणाइतके किरण सोडले. उंदीर जगले. दोन वर्षांनी एगॉन लॉरेन्झ यांनी दाखवलं की किरण दिल्यावर नुसती मज्जा टोचली तरी उंदीर वाचतात. असं का होतं यावर मग काही वर्षं वाद रंगला. जेकबसन यांचा कल असा, की प्लीहेतून संप्रेरकासारखा एखादा रस निघत असावा आणि तो उंदराच्या स्वतःच्या मज्जेला उठवून बसवत असावा. दुसरा पक्ष म्हणे, रस-बिस काही नाही, टोचलेल्या पेशीच तिथे बिऱ्हाड करतात. निकाल लागला १९५६ मध्ये. इंग्लंडमधल्या हारवेलच्या संशोधकांनी ज्या उंदरांची मज्जा वापरली, त्यांच्या पेशींत एक वेगळं दिसणारं, ओळखता येणारं गुणसूत्र होतं. वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत तेच गुणसूत्र सापडलं. पेशींनीच घर केलं होतं.

थॉमस यांनी माणसांवर प्रयोग सुरू केले ते या पार्श्वभूमीवर. ते टेक्सासमधल्या मार्ट नावाच्या गावचे, डॉक्टरचा मुलगा. विद्यापीठात असताना ऑस्टिनमध्ये क्वचित पडणारा बर्फ पडला होता, आणि डॉटी नावाच्या मुलीने फेकलेला बर्फाचा गोळा त्यांच्या तोंडावर बसला. लग्न झालं १९४२ मध्ये. डॉटी पत्रकारितेचं शिक्षण घेत होत्या. नवऱ्याचं काम पाहून त्यांनी ते सोडलं आणि प्रयोगशाळेतलं तंत्र शिकून घेतलं. पुढची पन्नास वर्षं रक्ताच्या तपासण्या, निबंधांचं संपादन, हिशेब, सगळं त्यांच्या हातून गेलं. थॉमस यांचा एकही महत्त्वाचा निबंध त्यांच्या नजरेखालून न जाता बाहेर पडला नसेल. पुढे मिळालेलं नोबेल मात्र दोघांपैकी फक्त नवऱ्याच्या नावावर आहे.

दरम्यान, युगोस्लाव्हियात एक अपघात झाला. बेलग्रेडजवळच्या विंचा इथल्या संशोधन संस्थेत एक छोटी अणुभट्टी होती. तिला संरक्षक भिंतच नव्हती. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी तिच्यातली साखळी प्रक्रिया हाताबाहेर गेली. खोलीत ओझोनचा वास आला, तेव्हा तिथल्यांना कळलं की काहीतरी बिघडलंय. तोवर सहा तरुणांच्या अंगातून किरण गेले होते. त्यांना विमानाने पॅरिसला नेलं. तिथे क्युरी इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात ते दाखल झाले आणि जॉर्ज माते यांच्यापुढे पेच पडला. मज्जा द्यायची, तर कोणाची? त्यांचे नातेवाईक दूर देशात, आणि पेशी जुळतात की नाही हे तपासायचं शास्त्र तेव्हा जेमतेम जन्माला येत होतं. योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच शहरात जाँ दोसे यांना पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण सापडली होती. एका माणसाचं शरीर दुसऱ्याच्या पेशी परक्या म्हणून ओळखतं ते अशा खुणांवरून. पण तिचा उपयोग रुग्णाच्या खाटेपाशी करायला अजून दहा वर्षं लागणार होती.

फ्रेंच माणसं पुढे आली. अनोळखी, परभाषिक, कम्युनिस्ट देशातल्या माणसांसाठी त्यांनी कमरेच्या हाडात सुया टोचून घेतल्या. मज्जा काढणं म्हणजे तेव्हाही आणि आजही असंच: भूल द्यायची, कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई पुन्हा पुन्हा घालायची, रक्तासारखाच दिसणारा दाट द्रव ओढून घ्यायचा, गाळायचा आणि रुग्णाच्या शिरेत रक्त चढवतात तसा चढवायचा. पुढचं काम पेशी स्वतः करतात. रक्तातून फिरत फिरत त्या हाडांच्या पोकळीत जाऊन पोचतात. नोव्हेंबरमध्ये सहांपैकी पाच जणांना अशी मज्जा दिली गेली. एक दगावला, बाकीचे जगले आणि मायदेशी परतले.

वर्तमानपत्रांनी हा विजय म्हणून साजरा केला. ते स्वाभाविकच होतं. पण पुढे शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या तेव्हा चित्र तितकं स्वच्छ राहिलं नाही. दिलेली मज्जा काही आठवडेच टिकली होती, आणि रुग्णांची स्वतःची मज्जा परत उभी राहिली होती. उपचाराविना ती उभी राहिली असती का? बऱ्याच तज्ज्ञांचं मत, राहिली असती. मातेंच्या कामाचं मोल त्याने कमी होत नाही. पण रुग्ण बरा होणं आणि उपचाराने बरा होणं, या दोन गोष्टींमधलं अंतर इथे लख्ख दिसतं.

माते थांबले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या एका रुग्णाला सहा नातेवाइकांची मज्जा एकत्र दिली. तीतली एकाची रुजली आणि टिकली. ल्युकेमिया गेला. मग दुसरंच दुखणं सुरू झालं. कातडी, यकृत, आतडी यांवर हल्ला करत होत्या त्या रुजलेल्या मज्जेतल्या पांढऱ्या पेशी. एरवी शरीर परका अवयव नाकारतं. इथे परका अवयवच शरीर नाकारत होता. रुग्ण दीडेक वर्ष जगला.

इतरत्र तर एवढंही हाती लागत नव्हतं. जगभरातल्या दोनशेच्या आसपास मज्जारोपणांच्या नोंदी १९७० मध्ये एका अमेरिकन संशोधकाने एकत्र केल्या. बहुतेक रुग्ण मृत्यू पावले होते. अनेक नामवंतांनी जाहीरपणे सांगितलं, की हा मार्ग बंद करा. माणसामाणसातली ही भिंत ओलांडता येणार नाही. बऱ्याच ठिकाणी तो बंद झालाही.

मला या कथेतलं सगळ्यांत आवडतं पान टोरोंटोचं आहे. तिथे कोणी मज्जारोपण करायलाच निघालं नव्हतं. प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटलमधल्या संशोधन संस्थेत दोघं काम करत होते. अर्नेस्ट मॅकलक डॉक्टर, शहरातल्या सुखवस्तू घरातले. जेम्स टिल जीवभौतिकीचे, प्रेअरीतल्या शेतावर वाढलेले, आकड्यांना पक्के. मज्जेच्या पेशी किती किरण सोसतात एवढंच त्यांना मोजायचं होतं. उंदरांना किरण द्यायचे, ठराविक संख्येने मज्जेच्या पेशी टोचायच्या आणि किती उंदीर महिनाभर जगतात ते पाहायचं. १९६० मधल्या एका रविवारी मॅकलक प्रयोगशाळेत आले. दहा दिवसांपूर्वी पेशी टोचलेले काही उंदीर त्यांनी फाडून पाहिले, तर प्लीहेवर गाठी. नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा. मॅकलक यांनी त्या मोजल्या आणि कागदावर आलेख काढला: जितक्या पेशी टोचल्या तितक्या प्रमाणात गाठी. साधारण दहा हजार पेशींमागे एक.

एखाद्याने त्या गाठी बघून कर्करोग समजून बाजूला टाकल्या असत्या, किंवा आपल्या प्रयोगाशी त्यांचा संबंध नाही म्हणून सोडून दिल्या असत्या. या दोघांनी तसं केलं नाही. एका गाठीत तांबड्या पेशींची पिल्लं होती, पांढऱ्यांची होती, रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंचीही होती. म्हणजे ती गाठ एकाच पेशीची संतती असेल, तर सगळ्या प्रकारचं रक्त तयार करणारी अशी एक पेशी मज्जेत असली पाहिजे. आणि ती दहा हजारांत एक इतकी दुर्मीळ. असली पेशी असावी असा अंदाज सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह यांनी १९०९ मध्येच केला होता, पण तिच्या अस्तित्वाचा मोजता येणारा पुरावा कोणी दिला नव्हता. १९६१ चा त्यांचा निबंध किरणांविषयीच्या नियतकालिकात छापला गेला आणि त्याचं नाव इतकं नीरस होतं की बऱ्याच लोकांनी तो वाचलाच नसावा. अँडी बेकर या विद्यार्थ्याबरोबर १९६३ मध्ये त्यांनी सिद्ध केलं, की एक गाठ म्हणजे खरोखरच एका पेशीचा वंश. याच वर्षी लुई सिमिनोव्हिच यांच्या साथीने पुढचा पुरावा आला: गाठीतल्या पेशी काढून दुसऱ्या उंदराला टोचल्या तर तिथे पुन्हा गाठी येतात. पेशी नवं रक्त घडवते आणि स्वतःसारखी दुसरी पेशीही मागे ठेवते. मूलपेशीची व्याख्या आजही हीच आहे. इतकं हाती आल्यावरही दोघं मूलपेशी हा शब्द जपून वापरत. निबंधात ते लिहीत, वसाहत करणारा घटक.

थॉमस १९६३ मध्ये सिॲटलला गेले. माणसांवरचे प्रयोग त्यांनी जवळजवळ थांबवले आणि कुत्र्यांकडे वळले. एकसारख्या जुळ्यांमध्ये हे जमतं, हे त्यांना ठाऊक होतं. १९५९ मध्येच त्यांनी ल्युकेमियाच्या एका लहान मुलीला तिच्या जुळ्या बहिणीची मज्जा दिली होती. ती सहज रुजली होती, पण काही महिन्यांत रोग परतला होता. जुळं भावंड असतं किती जणांना? सिॲटलमध्ये त्यांच्या गटाने एकाच वेतातल्या पिल्लांच्या पेशींच्या खुणा जुळवायला सुरुवात केली. खुणा जुळलेल्या भावंडांत रोपण केलं आणि नंतर मेथोट्रेक्सेट नावाचं औषध दिलं, तर कुत्री वर्षानुवर्षं जगत. सहा वर्षं हेच चाललं.

तोवर मिनिआपोलिसमध्ये रॉबर्ट गुड यांनी १९६८ मध्ये एका तान्ह्या मुलाला बहिणीची मज्जा दिली. त्याला जन्मतः प्रतिकारशक्तीच नव्हती. त्याच्या घराण्यातले अनेक मुलगे याच दुखण्याने तान्हेपणी गेले होते. हा जगला, मोठा झाला. मार्च १९६९ मध्ये सिॲटलने ल्युकेमियाच्या रुग्णाला जुळणाऱ्या भावंडाची मज्जा दिली आणि काम पुन्हा माणसांवर आलं.

तिथे येणारे रुग्ण सगळे उपाय हरलेले असत. १९७७ मध्ये थॉमस यांनी अशा शंभर जणांचा हिशेब मांडला. शंभरातले तेरा जिवंत, रोगमुक्त. सत्त्याऐंशी गेले. कूपरस्टाउनच्या सहांपैकी शून्य आणि सिॲटलच्या शंभरांपैकी तेरा, यांच्यामध्ये वीस वर्षं होती. पण हे तेरा म्हणजे ज्यांच्यासाठी दुसरं काहीच उरलं नव्हतं त्यांच्यातले होते. मग साहजिकच प्रश्न आला, की रुग्ण इतका खंगेपर्यंत थांबायचं कशाला? रोग पहिल्यांदा आटोक्यात येताच रोपण केलं, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण वाचू लागले. आणखी एक अनपेक्षित गोष्ट नोंदींतूनच निघाली. ज्यांच्यावर नव्या पांढऱ्या पेशींनी हल्ला केला होता, पण जे त्यातून तरले, त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा परत येई. ज्या हल्ल्याने मातेंच्या रुग्णाला छळलं होतं, तोच औषधाचाही भाग होता. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं. टिल आणि मॅकलक यांना ते कधीच मिळालं नाही.

मार्च १९८३. मुंबईच्या गिरणगावातल्या चिमण्या चौदा महिन्यांपासून थंड होत्या. गिरणी कामगारांचा संप संपल्याचं कोणी म्हणत नव्हतं आणि चालू आहे असंही म्हणवत नव्हतं. त्याच परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं मज्जारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, ल्युकेमियाची. मज्जा तिच्या भावाची. अडवाणी सिॲटलमध्ये थॉमस यांच्याकडे हे शिकून आले होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत असत. अपंगत्वाच्या कारणावरून त्यांना वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला होता. झगडून त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला. पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण दोन्ही झाले.

पहिल्या रोपणाचं कौतुक करताना एक गोष्ट निसटते. मज्जा देणं हे या उपचारातलं सोपं काम. अवघड ते पुढचे तीन-चार आठवडे: रुग्णाच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, हवेतली बुरशीही जीव घेऊ शकते, रोज रक्त आणि बिंबाणू चढवायचे. परळसारख्या दाट वस्तीत, फुटपाथवर पेशंटांचे नातेवाईक निजत असताना, एका खोलीत जंतूंना शिरू द्यायचं नाही, हे काम परिचारिकांचं, रक्तपेढीचं आणि झाडूपोछा करणाऱ्या मावशींचंही होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ मध्ये काम सुरू केलं आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठी ते देशातलं मोठं केंद्र झालं. टाटाचा विभाग पुढे खारघरला गेला. नातेवाइकांचा मुक्काम मात्र अजूनही पुष्कळदा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो.

यानंतरचा इतिहास धावता सांगितला तरी चालेल, कारण त्यात घोषणा फार आहेत. पॅरिसमध्ये १९८८ मध्ये एलियान ग्लुकमन यांनी एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो बरा झाला. त्यावर पुढे नाळेचं रक्त साठवण्याचा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला, इतका की इथल्या प्रसूतिगृहांत जाहिराती लागल्या. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणाच्या मूलपेशी वेगळ्या केल्या. २००१ मध्ये बुश सरकारने ज्या ६४ पेशीवंशांवरच्या कामाला सरकारी पैसा मिळेल असं जाहीर केलं, त्यांत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी कातडीतल्या साध्या पेशींना मागे नेऊन मूलपेशींसारखं केलं, आणि सहा वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. डोळ्याचा पडदा, पार्किन्सन, मधुमेह यांवर या वाटेने चाचण्या चालू आहेत. काहींचे निकाल आशादायक आहेत.

पण आपल्याकडे रस्त्यावर दिसतं ते वेगळंच. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, गुडघेदुखी, सगळ्यांवर एकच इंजेक्शन, लाखांत किंमत, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं, की रक्ताचे आणि प्रतिकारशक्तीचे ठराविक आजार सोडले तर मूलपेशींचा वापर हा प्रयोग आहे, आणि प्रयोग चाचणीच्या चौकटीत व्हायला हवा. घरातलं मूल आजारी असलेल्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. ते आशेवर पैसे लावतात, आणि माझ्या घरात तसं मूल असतं तर मीही कदाचित लावले असते. मात्र त्यांनी डॉक्टरला एक साधा प्रश्न विचारावा: आजवर किती जणांना दिलं, आणि त्यांतल्या किती जणांना काही फरक पडला नाही? कूपरस्टाउनच्या माणसाने याचं उत्तर छापून दिलं होतं.

महाराष्ट्रात या विज्ञानाची खरी परीक्षा पाहायची तर गडचिरोली किंवा नंदुरबारकडे जावं लागेल. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या समाजांत सिकल सेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांबडी पेशी कोयत्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडापासून पोटापर्यंत असह्य कळा येतात. ही पेशी मज्जेतल्या मूलपेशीतूनच येते, म्हणजे मूलपेशी बदलली तर आजार जातो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने अशा एका उपचाराला मान्यता दिली: रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, त्यांच्या जनुकांत बदल करायचा आणि परत द्यायच्या. परत देण्याआधी मज्जा औषधाने रिकामी करावी लागते, थॉमस करत तशीच. अमेरिकेत एका रुग्णामागे त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. आपल्याकडे त्याच वर्षी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तीत तपासण्या होतात आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या मिळतात. बरं करणारा उपचार म्हणून हाताशी आहे तो अजूनही भावंडाच्या मज्जेचा, आणि एका सख्ख्या भावंडाशी खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक.